रिपोर्ट तालुक्यात मिळतो, तो वाचणारा डॉक्टर जिल्ह्यातही नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१० मे हा जागतिक ल्युपस दिन. ल्युपस म्हणजे शरीराची रोगप्रतिकारशक्ती आपल्याच अवयवांवर उलटते असा आजार. त्या सुमारास वर्तमानपत्रांत या आजाराची लक्षणं छापून येतात, वेळेवर तपासून घ्या असा सल्लाही येतो. तपासायला निघालेल्या बाईचं पुढे काय होतं, ते मात्र वाचायला मिळत नाही. मी सध्या त्यातूनच जाते आहे, म्हणून हे पत्र.

मी मराठवाड्यात एसटीत कंडक्टर आहे. गेल्या हिवाळ्यापासून सकाळी उठल्यावर बोटं वळेनात. पहाटेच्या पहिल्या गाडीवर तिकीट मशीनचं बटण अंगठ्याने दाबलं जाईना. थंडीत दोन बोटांची टोकं पांढरीफटक पडायची, मग निळी, आणि हात चोळले की लाल होऊन झोंबायची. दुपारच्या फेरीनंतर गालांवर लाली उठायची. जो तो म्हणे, चिकुनगुनिया अंगात राहिला असेल. आमच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन कमी, अंगातली सूज दाखवणारा ईएसआर वाढलेला, संधिवातासाठी बघतात तो आरए फॅक्टर निगेटिव्ह. मग त्यांनी ल्युपससारख्या आजाराची शंका आली की करतात ती एएनए नावाची रक्ततपासणी करायला सांगितली.

रक्त तालुक्याच्या लॅबमध्येच घेतलं आणि मुंबईला पाठवलं. काही दिवसांनी रिपोर्ट मोबाइलवर आला. ठळक अक्षरांत ‘पॉझिटिव्ह’, खाली १:३२०, आणखी खाली ‘स्पेकल्ड’. बाकी काही नाही. लॅबमधला मुलगा म्हणाला, डॉक्टरांना दाखवा. डॉक्टर म्हणाले, हे आमच्या आवाक्यातलं नाही, पुण्याला संधिवाततज्ज्ञांना दाखवा. तिथला नंबर लागेपर्यंत तो कागद आमच्या घरात नुसता पडून होता. नणंदेने हळूच विचारलं, हे दुसऱ्याला लागतं का? मला उत्तर देता आलं नाही. असा आजार कोणाकडून कोणाला लागत नाही, एवढं एक वाक्य रिपोर्टच्या तळाशी मराठीत असतं, तरी आमच्या घरातली जेवणाची ताटं वेगळी झाली नसती.

पुण्याच्या डॉक्टरबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. काचपट्टीवर माणसाच्या पेशी असतात, त्यावर आपल्या रक्तातलं पाणी सोडतात. आपल्याच पेशींच्या केंद्रकाला चिकटणारी द्रव्यं त्यात असली, तर खास सूक्ष्मदर्शकाखाली पेशी हिरव्या चमकतात. ३२० पट पातळ केल्यावरही चमक राहिली, म्हणून १:३२०. ‘स्पेकल्ड’ म्हणजे ती चमक ठिपक्याठिपक्यांची. धडधाकट माणसांतही १:८० ला साधारण आठातल्या एकाची ही चाचणी पॉझिटिव्ह येते. म्हणजे एवढ्यावरून आजार ठरत नाही. माझा आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नाही, पण तोही आजाराचं नाव सांगत नाही. हे ऐकलं त्या रात्री मला कितीतरी दिवसांनी झोप लागली.

मग नेमका आजार शोधायला पुढच्या रक्ततपासण्या झाल्या: डीएसडीएनए, सी३, सी४, ईएनए, थायरॉइड. डोळे कोरडे पडतात म्हटल्यावर खालच्या पापणीत कागदाची बारीक पट्टी अडकवून पाच मिनिटं डोळे मिटून बसवलं आणि पट्टी किती मिलिमीटर ओली झाली ते मोजलं. पण डॉक्टरबाईंनी सर्वांत जास्त जोर दिला तो लघवीच्या तपासणीवर. ल्युपस मूत्रपिंडात शिरला तर सुरुवातीला काहीच दुखत नाही, लघवीत प्रथिनं जायला लागतात. ही साधी, स्वस्त तपासणी. तालुक्यात हजारो रुपयांच्या रक्ततपासण्या केल्या, पण लघवी कोणी तपासली नव्हती.

माझ्या आजाराचं अजून पक्कं निदान झालेलं नाही. ‘आज नाव देता येत नाही, लक्ष ठेवू’ असं डॉक्टरबाई म्हणाल्या. दर तीन महिन्यांनी लघवी आणि रक्तदाब, उन्हात पूर्ण बाह्या, सोबत एक गोळी, आणि त्या गोळीसाठी डोळ्यांचा पडदा तपासून घेणं. या अवस्थेचं खरं ओझं असं, की आजाराला नाव नसलं तरी खर्च थांबत नाही. आरोग्य योजना मुख्यतः दाखल झालेल्या रुग्णासाठी असतात, आणि मी तर चालती-फिरती. घरच्यांनाही वाटतं, काही निघत नाही तर कशाला तपासत बसायचं?

पुण्याच्या गाडीत मी अशा बायका रोज बघते. कापडी पिशवीत एक्स-रे, प्लॅस्टिकच्या फायलीत रिपोर्ट, शेजारी नवरा किंवा भाऊ. अर्ध्या तिकिटामुळे प्रवास परवडतो एवढंच. त्यातल्या काहींना माझ्यासारखाच वाताचा त्रास असतो, बोलताना कळतं. ल्युपसच्या दहा रुग्णांत नऊ बाया असतात, त्याही ऐन संसाराच्या वयातल्या. त्यांचा रोज बुडतो, लेकरं शेजारी ठेवावी लागतात, आणि एवढं करून कधीकधी फक्त ‘पुढच्या वेळी अमुक चाचणी करून या’ एवढंच ऐकून परत यावं लागतं.

प्रत्येक जिल्ह्यात असा तज्ज्ञ कायमचा मिळणं आज अवघड आहे, हे मला समजतं. पण वैद्यकीय महाविद्यालयातला एखादा तज्ज्ञ महिन्यातून एक दिवस जिल्हा रुग्णालयात बसू शकतो. तो दिवस ठरलेला असावा, नाहीतर लांबून आलेली बाई दार बंद बघून परतेल. मधल्या काळात लघवी आणि रक्तदाब प्राथमिक आरोग्य केंद्रात बघता येतात, त्यासाठी कोणालाही २०० किलोमीटर पाठवायची गरज नाही. आणि लॅबवाल्यांनी एएनएच्या रिपोर्टवर चाचणीची पद्धत लिहावी, शिवाय ‘केवळ यावरून आजार ठरत नाही’ एवढं मराठीत छापावं. याला कोणतं मोठं बजेट लागतं?

आरोग्य खात्याने असा दिवस ठरवून तारीख जाहीर केली, तर आमच्या आगाराच्या फलकावर ती मी स्वतः लावीन, आणि पिशवी घेऊन चढणाऱ्या प्रत्येक बाईला सांगेन.

– एक महिला वाहक, मराठवाडा
(नाव छापू नये, ही विनंती.)