ओवीचे पाच रिकामे चौकोन

नौपाडा, ठाणे
बुधवार, २२ एप्रिल

चि. सौ. केतकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र बघून घाबरू नकोस, माझी तब्येत ठीक आहे. फोनवर बोलायला गेलं की माझा आवाज चढतो आणि तुझा बंद होतो, म्हणून लिहायला बसलो. मंदार संध्याकाळी ठाण्याला गाडी बदलतो तेव्हा त्याच्या हाती देईन. सोबत ओवीची निळी बाटली आणि रविवारी तू टेबलावर तसाच ठेवून गेलीस तो लाडवांचा डबा.

आधी एकच सांग. तिला शी झाली का?

कालनिर्णयच्या ज्या चौकोनांत तुझी आई दुधाचा हिशेब लिहायची, त्यांत मी फेब्रुवारीपासून ओवीची नोंद ठेवतोय. शूला टिंब, शीला फुली. शेवटची फुली शुक्रवारची, १७ तारखेची. तीसुद्धा खड्याखड्यांची, आणि करताना ती रडली होती. शनिवारी झाली नाही, हे तूच म्हणालीस. रविवारी काय झालं ते आपल्या दोघांना माहीत आहे. सोमवारपासून तुझ्या सासूबाई आल्या आणि तू तिला इकडे आणलंच नाहीस. आजचा धरून पाच चौकोन रिकामे. माझ्याकडचे रिकामे आहेत, तुमच्या घरी भरलेले असतील तर फारच बरं.

रविवारची सुरुवात माझ्याकडून झाली. जेवताना मीच म्हणालो की आईने तुम्हा दोघांना वर्षाच्या आत लंगोटातून सोडवलं होतं. तू तेव्हा काही बोलली नाहीस. पण हात धुतल्यावर ओवीला त्या पिवळ्या पॉटीवर बसवलंस, ती पस्तीस मिनिटं. मी घड्याळ बघत होतो. मग ती निसटून पडद्यामागे गेली आणि टाचा उचलून, पाय घट्ट जुळवून, कॉटचा खूर धरून उभी राहिली. चेहरा लाल. तू म्हणालीस, जोर करतेय. मी ओरडलो, जोर करत नाहीये, रोखून धरतेय! आणि तू विचारलंस, "बाबा, तुम्ही आयुष्यात एकदा तरी आमची शी धुतलीत का?"

नाही धुतली. वागळे इस्टेटला तीन पाळ्या करायचो, घरी आलो की झोपायचो, हे कारण मी स्वतःलाही पुष्कळ वर्षं दिलं. तू विचारलंस ते बरोबर होतं. फक्त त्यानंतर चहा न घेता गेलीस, ते लागलं.

आणि आईबद्दल मी जे बोललो, ते अर्धंच खरं होतं. ती पाय पसरून मोरीपाशी बसायची, तुला दोन्ही पायांवर धरायची आणि शूऽऽ करायची. तुला मान धरता यायला लागल्यापासून. दूध पाजलं की थोड्या वेळाने, झोपेतून उठलीस की लगेच. तुझ्या कपाळावर आठी आली तरी तिला कळायचं. म्हणजे वर्षाच्या आत तू शिकली नव्हतीस, तुझी वेळ ओळखायला ती शिकली होती. ती नणंदेच्या लग्नाला दोन दिवस गेली होती तेव्हा तू माझं अंथरूण, पाट आणि शेजारच्या काकूंची गादी भिजवलीस. तीन वर्षांची होईपर्यंत तुझ्या चड्ड्या गॅलरीच्या दोरीवर असायच्या. शिवाय लंगोट म्हणजे जुन्या लुगड्याचा तुकडा. ओला झाला की पोर लगेच किरकिरायचं. परवा मी ओवीचा एक डायपर कापून पाहिला. आतली पावडर वाटीत काढून फुलपात्रभर पाणी ओतलं, तर सगळ्याची जेली झाली, वरचं कापड कोरडंच. ओलं लागतच नाही तर तिला कळणार कसं? त्यात तुझं काय चुकलं? तू सकाळी ७:४० ची गाडी पकडतेस. आईची आणि तुझी तुलना करायला नको होती. ती मी केली, त्याची मला लाज वाटते.

काल मी लहान मुलांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. तुला न विचारता गेलो, रागावू नकोस. सगळ्यांच्या मांडीवर मुलं आणि मी रिकामा, हातात कालनिर्णयचं पान. कंपाउंडरने दोनदा विचारलं, पेशंट कुठे आहे. पण डॉक्टरांनी पान नीट पाहिलं.

त्यांनी सांगितलं ते मला माझ्या भाषेत कळलं. बाहेर पडायच्या वाटेला दोन व्हॉल्व्ह असतात. आतला आपोआप उघडतो, त्यावर आपली सत्ता नाही. बाहेरचा मनाने उघडायचा आणि मनाने बंद करायचा. ओवीच्या वयाच्या मुलाला या बाहेरच्या व्हॉल्व्हचा नुकताच शोध लागलेला असतो. एकदा शी करताना दुखलं की ते ठरवतं, आता उघडायचाच नाही. मग आतलं आत राहतं, मोठं आतडं त्यातलं पाणी शोषत राहतं, खडा आणखी घट्ट होतो, पुढच्या वेळी आणखी दुखतं. फार दिवस चाललं तर तिथली जागा ताणली जाते आणि शी आल्याची जाणीवच बोथट होते. मग खड्याच्या बाजूने पातळ झिरपतं, चड्डी खराब होते, आणि घरच्यांना वाटतं मूल मुद्दाम करतंय, नाहीतर जुलाब झालेत.

म्हणून म्हणतो, आधी पोट मऊ. शिकवणं त्याच्यानंतर.

दुधाचं विचारलं त्यांनी. मी म्हटलं चार बाटल्या, २४० ची एक. ते म्हणाले जवळजवळ लिटर झालं, या वयाला अर्धा लिटर पुष्कळ. दुधाने पोट भरतं म्हणून ती पोळीभाजी खात नाही, आणि चोथा पोटात गेला नाही की खडे. यातल्या दोन बाटल्या माझ्या घरी होत होत्या, केतकी. ती मागायची आणि मी द्यायचो. तेव्हा ही जबाबदारी निम्मी माझीच.

तिला दाखवायला घेऊन या म्हणाले. आतड्यात पाणी धरून ठेवणारं, शी मऊ करणारं औषध असतं, ते वजनावर देतात, मूल तपासल्याशिवाय नाही. पोट फुगलं असेल, उलटी झाली, शीला रक्त दिसलं तर अजिबात थांबायचं नाही. तुझ्या सासूबाई मायेने करतील, पण एरंडेल किंवा पानाचा देठ असलं काही करू देऊ नकोस. तिथे पुन्हा दुखलं की पुन्हा रोखून धरेल.

आता १ मे. शुक्रवार आहे, तीन दिवस सलग सुट्टी आणि तीन दिवसांत डायपर सोडवायचा, असं तू ठरवलंयस. जूनमध्ये प्लेग्रुपला डायपर चालणार नाही, हेही मला माहीत आहे. तुझी वेळ काही चुकीची नाही. मे महिन्यात पोर नुसत्या झबल्यावर फिरतं, चार चड्ड्या धुतल्या तर तासात वाळतात, पावसाळ्यात ऐरोलीच्या त्या बाल्कनीत काही वाळत नाही. आईसुद्धा पावसाच्या आधीच म्हणायची. आणि ओवीची तयारी दिसतेय. दोन दोन तास कोरडी राहते, माझी टिंबं आहेत त्याला. शी येणार असली की पडद्यामागे जाते, म्हणजे तिला आधी कळतं. चड्डी स्वतः खाली ओढते. डॉक्टर म्हणाले दीड वर्षापासून तीन वर्षांपर्यंत कधीही ही तयारी येते, एकाच घरातल्या दोन मुलांची सारखी नसते. अमेरिकेत ब्रेझल्टन नावाचे बालरोगतज्ज्ञ होते, त्यांनी १९६२ साली १,१७० मुलांच्या नोंदी छापल्या. मुलाच्या तयारीप्रमाणे हळूहळू घेतलं तर दिवसाचं सरासरी साडेअठ्ठावीस महिन्यांना जमलं होतं. ओवीला आत्ता अठ्ठावीस झालेत. म्हणजे ती मागे नाही. मागे आहे असं तुला वाटत असेल तर ते माझ्या त्या वर्षाच्या आतल्या बढाईमुळे.

शू तू त्या तीन दिवसांत घे. शीला तारीख घालू नकोस. तिने शीसाठी डायपर मागितला तर दे. पुढे डायपर लावूनच बाथरूममध्ये उभी करता येते, मग डायपरसकट पॉटीवर. खाऊन झालं की पंधरा-वीस मिनिटांनी आतडं आपसूक हलतं, त्या वेळी पाच मिनिटं बसव, गोष्ट सांग, नाही झाली तर उठव आणि काही बोलू नकोस. फ्लश ती बाहेर गेल्यावर कर, त्या आवाजाला ती घाबरते. पुसताना पुढून मागे, मुलगी आहे. रात्रीचा डायपर राहू दे. रात्री कोरडं राहणं शिकवून येत नाही, शरीर तयार व्हावं लागतं, पाच वर्षांची मुलंही भिजवतात. पाणी बंद असण्याचा दिवस असेल तर आधीच...

बघ, पुन्हा सुरू झालो. तू इंजिनिअर, शंभर माणसांचं काम बघतेस, आणि मी तुला बादल्या भरायला सांगतोय. माफ कर. पण शी झाली का, ते कळव.

मी एवढा मागे का लागलोय ते आता लिहितो. तुला हे कुणी सांगितलेलं नाही.

दादा तीनचा होता तेव्हा आपण कोपरीच्या चाळीत होतो, तुझा जन्म व्हायचा होता. बारा बिऱ्हाडांना टोकाला चार संडास. लहान मुलं मोरीत, नाहीतर गॅलरीत कागदावर बसायची. दादाचंही तसंच चाललं होतं. जूनमध्ये त्याला बालवाडीत घालायचं होतं आणि मी ठरवलं, आता संडासात जायचं, मोठा झाला. आत दिवा नव्हता. भोक मोठं, खाली उंदीर. तो नको नको म्हणायचा. एका सकाळी मी रात्रपाळी करून आलो होतो. त्याला आत उभं केलं आणि बाहेरून कडी लावली. केल्याशिवाय उघडणार नाही म्हटलं. तो आतून दार वाजवत होता आणि शेजारी बघत होते म्हणून मी उघडलं नाही. दहा मिनिटं असतील. आईने येऊन कडी काढली. माझ्याशी ती चार दिवस बोलली नाही.

त्यानंतर त्याने सात दिवस शी केली नाही. तोही असाच टाचा उचलून दाराच्या कोपऱ्यात उभा राहायचा. सातव्या दिवशी ताप आला, पोट दगडासारखं. दवाखान्यात एनिमा दिला, त्याला धरायला दोन माणसं लागली, त्यातला एक मी. पुढे चौथीपर्यंत त्याच्या चड्ड्या खराब व्हायच्या. शाळेतून चिठ्ठ्या यायच्या. मी त्याला आळशी म्हणायचो, घाणेरडा म्हणायचो. ते झिरपणं होतं, त्याला ते कळतच नव्हतं, हे मला काल त्या डॉक्टरांच्या खुर्चीवर बसून समजलं. पंचेचाळीस वर्षांचा झालाय तो आता. पुण्याहून दिवाळीला फोन करतो.

त्याला यातलं काही विचारू नकोस. मीच कधीतरी बोलेन.

रविवारी तू त्या पॉटीच्या पुढ्यात बसून म्हणालीस, "झाल्याशिवाय उठायचं नाही." तुझा आवाज माझ्यासारखा आला. म्हणून मी ओरडलो. तुला वाटलं मी तुझ्यावर ओरडतोय.

तू माझ्यासारखी नाहीस. आईचे शेवटचे चार महिने आठव. बेडपॅनला ती किती लाजायची. तू मला चहा टाकायला पाठवायचीस, दार लोटायचीस आणि तिच्याशी गडकरी रंगायतनला पाहिलेल्या नाटकांच्या गप्पा मारत बसायचीस. कितीही वेळ लागला तरी घाई नाही, कपाळाला आठी नाही. आतून तुम्हा दोघींचं हसू ऐकू यायचं. मी गॅसपाशी उभा राहून ऐकायचो. माझी मुलगी हे करतेय, असं मनात यायचं. तेव्हा तोंडाने काही म्हटलं नाही मी.

ओवीसाठी पाट करतोय. मोठ्या कमोडवर तिचे पाय लोंबकळतात, पाय टेकले नाहीत तर जोर लावता येत नाही. गुडघे कमरेच्या वर यायला हवेत, उकिडवं बसल्यासारखे. आईचा जेवणाचा सागवानी पाट होता तो मधोमध कापलाय, कडा घासून गोल केल्यात, खाली रबर लावणार म्हणजे ओल्या फरशीवर सरकणार नाही. फक्त पायांची उंची राहिलीये. तुमचा कमोड सीटसकट जमिनीपासून किती इंच आहे ते मंदारला मोजायला सांग, आणि ओवीचा गुडघ्यापासून टाचेपर्यंतचा पाय. ती झोपली असताना मोजा, जागी असली की हलते.

दोन्ही मापं आली की शनिवारपर्यंत होईल. मी घेऊन येईन, किंवा नको असेल तर मंदारजवळ देईन. आणि मापांबरोबर फुली की रिकामा, तेही लिही. पाचही दिवसांचं लिही, चौकोन मी भरून घेतो.

तुझे,
बाबा