उलांडी कशी बांधतात, बाबा?

होनोलुलू

ती. आई-बाबांना सा. न.

आई, तू परवा फोनवर विचारलंस, "नोकरी सोडून होड्या कसल्या बांधतेस?" नोकरी व्यवस्थित चालू आहे. होडी फक्त शनिवार-रविवारची, आणि तीही अजून कागदावरच आहे. फोनवर आवाज तुटतो, तुमचे प्रश्न अर्धे राहतात, म्हणून सगळं लिहूनच कळवते. बाबा, तुमच्याकडे एक कामही आहे, ते उलांडीचं, म्हणजे होडी कलंडू नये म्हणून तिच्या बाजूला काठ्यांनी जोडतात त्या तरंगत्या लाकडाचं.

होडी 18 फुटी. म्हणजे खरं तर दोन अरुंद होड्या शेजारी-शेजारी, मधे आडवे वासे आणि त्यांवर बसायला फळ्यांचा माच. एक शीड, दोन वल्ही, इंजिन नाही. दोघांसाठी, फार तर तिघांसाठी. कल्पना इथल्या जुन्या जोडनौकांची. हवाईचे पूर्वज अशाच नौकांतून दक्षिणेकडच्या बेटांवरून इथे आले. पण ते ठरवून आलेच नाहीत, वाऱ्या-प्रवाहाने वाहत आले, असं म्हणणारे विद्वान होते. त्याला उत्तर म्हणून इथल्या लोकांनी 1975 मध्ये 'होकुलेआ' नावाची जवळजवळ 62 फुटी जोडनौका पाण्यात उतरवली आणि 1 मे 1976 ला, म्हणजे आपल्या महाराष्ट्र दिनीच, माउई बेटावरून दक्षिणेकडच्या ताहिती बेटाकडे हाकारली. होकायंत्रसुद्धा न वापरता! वाट दाखवणारे माउ पियाइलुग मायक्रोनेशियातल्या सातावाल बेटाचे. हवाईत ती विद्या येणारं कोणी उरलंच नव्हतं. तारे, लाटांची दिशा आणि पक्षी बघत त्यांनी जूनच्या सुरुवातीला नौका ताहितीला पोचवली.

लोकांना यातली ताऱ्यांची गोष्ट आवडते. मी अडकले ती दोरीत. होकुलेआचे वासे दोन्ही होड्यांना खिळ्यांनी किंवा बोल्टांनी जोडलेले नाहीत, दोरीने बांधलेले आहेत. काही मैल दोरी लागली म्हणतात. ऑफिसात सांगितलं तर लोक हसतात, पण हिशेब साधा आहे. दोन होड्या एकाच वेळी एकाच लाटेवर नसतात. एकीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, वर चढते तेव्हा दुसरीची खाली जात असते आणि सगळा पीळ वाशांच्या सांध्यावर येतो. तिथे बोल्ट असेल तर सगळा ताण त्या एका भोकाच्या कडेवर पडतो आणि लाकूड तिथूनच चिरतं. दोरी तोच ताण सगळ्या वेढ्यांत वाटून घेते, जराशी हलते आणि परत जागेवर येते. जेम्स वॅरम नावाच्या इंग्रज माणसाने 1950च्या दशकात साडेतेवीस फुटी जोडनौका स्वतः बांधून अटलांटिक ओलांडला, आणि पुढे घरच्या घरी बांधता येतील अशा नौकांचे आराखडे विकले. त्यातल्या नंतरच्या अनेक आराखड्यांतही सांधे दोरीचेच. माझा आराखडा त्याचाही ऋणी आहे, त्यामुळे मी याला 'हवाईची नौका' म्हणत नाही. ते नाव लावायचा मला हक्क नाही.

गॅरेजमध्ये दोन लाकडी तुकड्यांवर बांधणी करून बघतेय. आधी दोरीचे उभे वेढे एकाशेजारी एक घालायचे, मग त्या वेढ्यांच्या मधून आडवे वेढे घेऊन ते आवळायचे. खरी ताकद या आडव्या वेढ्यांत असते. आवळल्यावर उभी दोरी बोटाने छेडली तर तंबोऱ्यासारखी वाजते. नायलॉन नको, ते ताणलं जातं, पॉलिएस्टर बरं. जुने लोक काथ्याच वापरायचे.

होड्या मरीन प्लायवुडच्या. फळ्यांच्या कडांना भोकं पाडून तांब्याच्या तारेने शिवायचं, सांध्यात इपॉक्सी नावाचं चिकटद्रव्य भरायचं, मग तार काढून टाकायची. छेद इंग्रजी व्हीसारखा, म्हणजे वाऱ्याने आडवी सरकू नये म्हणून खाली वेगळी फळी सोडायला नको. पाण्यातली रुंदी जेमतेम दीड फूट, त्यामुळे लाट फारशी उठत नाही आणि शिडाची ताकद वाया जात नाही. शीड खेकड्याच्या नांगीच्या आकाराचं, टोक खाली. त्याचा फायदा असा की डोलकाठी आखूड चालते आणि वजन वर जात नाही.

आई, आता तुझ्या काळजीचं. जोडनौका सहसा कलंडत नाही, पण कलंडली तर सरळ करणं कठीण, हे खरं आहे. 1978 मध्ये होकुलेआच वादळी समुद्रात रात्री उलटली. एडी आयकाऊ नावाचा पट्टीचा जलरक्षक सर्फबोर्डवर मदत आणायला गेला आणि परत आला नाही, बाकीचे वाचले. उद्या कुठून तरी कळून घाबरशील, म्हणून आजच सांगितलं. माझ्या होडीत दोन्ही बाजूंना पुढे-मागे हवाबंद कप्पे आहेत, ती बुडणार नाही. शिवाय मी कानेओहेच्या खाडीबाहेर जाणार नाही. बाहेर प्रवाळाची भिंत आहे, मोठी लाट तिथेच फुटते. शेजारच्या मोलोकाई बेटाकडची सामुद्रधुनी माझ्या यादीत नाही.

बाबा, काम असं. आपल्याकडे उलांडीच्या होड्यांत आडव्या काठ्या होडीच्या काठाला बांधतात ना, ती बांधणी मला नीट बघायची आहे. लाकडी होडी कुणाकडे उरली असेल तर वेढे किती, गाठ कुठे संपते, लाकडाला खाच आहे का, आणि पावसाळ्याआधी दोरी सोडतात की तशीच ठेवतात, एवढं विचारून घ्या. फोटो जवळून काढा. आणि होडीवाल्याने गाठीला काही नाव सांगितलं तर आहे तसं मालवणीतच लिहून पाठवा, शुद्ध करत बसू नका.

तुमची,
मनू

ता. क. आई, कुळथाचं पीठ पोचलं.