फणसाच्या दारावर मशीन फिरवण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुनं लाकडी सामान घरच्या घरी उजळवण्याविषयीचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. हेतू चांगला आहे, पण लाकूड घासायच्या पॉलिश पेपरबद्दलचा (आकडा मोठा तितका पेपर बारीक) ‘८० नंबरचा पेपर लावून मशीन फिरवा, मग थेट ३२० मारा’ हा त्यातला सल्ला लोकांनी मानू नये म्हणून हे पत्र. आयटीआयमध्ये सुतारकामाचा शिल्प निदेशक म्हणून नोकरी केली, आता सावंतवाडीजवळ घरीच थोडंफार काम करतो.

८० च्या पेपरचे ओरखडे ३२० ने निघत नाहीत. कोऱ्या लाकडावर ते लपून राहतात. चपड्याचा, म्हणजे लाखेच्या पॉलिशचा, पहिला हात बसला की मशीनची गोल गोल वळणं वर येतात आणि गिऱ्हाईक पॉलिशवाल्याच्या नावाने खडे फोडतं. ८०, १२०, १८०, २२० यातली पायरी गाळायची नाही आणि शेवटचा पेपर लाकडाच्या रेषेच्या दिशेने हातानेच मारायचा. १८० झाला की ओलसर फडकं फिरवून लाकूड वाळू द्यावं. लव उभी राहते, ती २२० ने अलगद काढावी. पॉलिश चढवायचं असेल तर कोरं लाकूड त्याहून बारीक घासण्यात वेळच जातो. बॅटरीचा उजेड फळीला समांतर, अगदी खालून पाडून बघा, उरलेला प्रत्येक ओरखडा दिसेल.

पेपर घेताना त्याची पाठ वाचावी. आकड्याआधी ‘पी’ असेल तर माप युरोपी. पी ४०० चा कण साधारण ३५ मायक्रॉनचा, अमेरिकी मापातल्या ४०० चा २३ च्या आसपास. २२० पर्यंत हा फरक जाणवत नाही, पुढे मात्र एकाच आकड्याचे दोन पेपर वेगळं काम करतात. काळा वॉटर पेपर पॉलिशच्या दोन हातांमध्ये घासायला ठेवावा. कोऱ्या सागावर त्याची काळी पूड रेषांत बसते.

पण लेखात ज्याचा उल्लेखच नाही ती वस्तू म्हणजे खरवडायची पत्ती. आमच्याकडची जुनी दारं, झोपाळे फणसाचे. फणसाची नस, म्हणजे लाकडाच्या धाग्यांची दिशा, एका पट्ट्यात इकडे, शेजारच्या पट्ट्यात तिकडे. रंधा उलट्या नसेवर गेला की लाकूड उचकटतं. तिथे पत्तीच लागते. जुन्या करवतीचं पातं तळहाताएवढं कापून घ्यावं, कापताना तापून निळं पडू देऊ नये, नाहीतर पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं. कड कानशीने काटकोनात सपाट करून तेलाच्या दगडावर घासावी. मग पेचकसाची गोल दांडी तेल लावून कडेवर दाबून ओढावी, शेवटचे एक-दोन हात किंचित तिरके. अंगठ्याला बारीक कोर अडकली की झालं. दोन्ही अंगठ्यांनी पत्तीला जरा बाक देऊन, पुढे कलती धरून ढकलायची. कांद्याच्या पापुद्र्यासारखा कीस निघाला तर कोर शाबूत. भुसा पडायला लागला की पुन्हा दांडी फिरवायची. अंगठे चांगलेच भाजतात, ते मात्र कुणी सांगत नाही. पूर्वी सुतार फुटक्या काचेच्या तुकड्यानेही खरवडायचे. आणि पेपर दुकानात येण्याआधी खरवताच्या झाडाची खरखरीत पानं घासायला होतीच. ज्याने ते पान हातात घेऊन पाहिलंय त्याला वेगळं सांगायला नको.

पत्तीचा दुसरा गुण असा की जेवढं काढायचं तेवढंच निघतं. नवा फणस पिवळाधमक असतो, वर्षानुवर्षांच्या उजेडाने तांबूस तपकिरी होतो, आणि हा रंग वरच्या पातळ थरातच असतो. गेल्या वर्षी आमच्या भागातल्या एका जुन्या घराच्या माजघराच्या दारावर ठेकेदाराने मशीन चालवलं. दार पिवळं झालं. मग चौकटीशी मेळ बसेना म्हणून त्यावर गडद रंग फासला, आणि नक्षीच्या कडा पेपरने गोल झाल्या त्या झाल्याच. ते जुनं पॉलिश चपड्याचं होतं. स्पिरिट लावून मऊ करून पत्तीने काढता आलं असतं.

विनियरच्या, म्हणजे प्लायवर लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवलेल्या, कपाटावर तर मशीन नकोच. तो थर बहुधा अर्ध्या मिलिमीटरचा. क्षणात खालचा प्लाय दिसतो.

भुशाबद्दल लेखात एक ओळ तरी हवी होती. लाकडाची धूळ कर्करोगकारक आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्येच नोंदवलं आहे. तोंडाला रुमाल पुरत नाही. नीट बसणारा मास्क हवा. पत्तीने काम केलं तर हवेत उडणारी धूळच कमी होते.

२०२३ पासूनच्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारांना अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत मिळते. प्रशिक्षण देणाऱ्यांनी त्यात पत्तीला कोर काढणं अर्धा दिवस शिकवावं, अशी विनंती आपल्या पत्रातून त्यांच्यापर्यंत पोहोचावी. जुनं पातं लागेल तेवढं मी देईन.

आपला,
एक निवृत्त शिल्प निदेशक (सुतारकाम),
सावंतवाडी