धाप लागणाऱ्यांच्या व्यायामवर्गासाठी मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार,

मंडळाच्या सभागृहात मंगळवार, गुरुवार, शनिवारी सकाळी भरणारा वर्ग आपणा सर्वांना माहीत आहे. सीओपीडीचे, म्हणजे श्वासनलिका अरुंद होऊन कायमची धाप लागण्याच्या आजाराचे रुग्ण येतात. त्यांत आपल्या आळीतल्या कितीतरी आया-आज्या आहेत, जन्मात विडीला हात न लावलेल्या, पण उभा संसार चुलीच्या धुरात केलेल्या. हा वर्ग उभा राहिला तो गिरणीवाल्या काकांमुळे. स्वतःला जिना चढवत नव्हता, तरी घरोघर फिरून त्यांनी पहिली व्यायामाची सायकल मिळवली. कै. मोठ्या बाईंनी पेन्शनच्या थकबाकीतून ऑक्सिमीटर दिले आणि पावतीवर नाव घालू दिले नाही. आज दोघेही नाहीत; त्यांची आठवण निघाली नाही असा एक वार जात नाही.

‘फुप्फुसंच गेली, आता व्यायाम कसला?’ असे काही जण विचारतात. प्राणवायू वापरून पेशीला ऊर्जा देणाऱ्या मायटोकाँड्रिया, म्हणजे शाळेतल्या तंतुकणिका, धुराने बिघडतात. बिघडलेल्या कणिका मोडीत काढण्याचे पेशीचे काम वयानुसार मंदावते, त्या साचतात आणि दाह वाढतो. दिल्लीच्या आयजीआयबी या जनुकशास्त्राच्या संशोधन संस्थेत अनुराग अग्रवाल यांच्या गटाने २०१४ मध्ये उंदरांवर दाखवले, की मूलपेशी (ज्यांपासून इतर पेशी बनतात त्या) आपल्या कणिका आजारी श्वसनमार्गाच्या पेशींना देऊ शकतात. तो उपचार आपल्या रुग्णांपर्यंत आलेला नाही. पण धाप लागते म्हणून माणूस बसून राहतो, तेव्हा मांडीच्या स्नायूंतल्या कणिकाही घटतात, पाय लवकर भरून येतात, धाप आणखी वाढते. हे मात्र सायकलने सुधारते. फुप्फुस होते तेवढेच राहते, तरी आठ आठवड्यांत आजी बाजारापर्यंत चालू लागते. आम्ही हे डोळ्यांनी पाहिले आहे.

गेल्या वर्षी हेच पत्र घरोघर दिले, तीन पाकिटे आली. रोषणाईची वर्गणी एका संध्याकाळी जमते, म्हणून ते फार लागले.

दोन्ही सायकली आता दुरुस्तीपलीकडे आहेत. फिजिओथेरपिस्ट ताई चार महिने मानधनाशिवाय येत आहेत. एकूण गरज ६०,००० रुपये, दिवाळीपूर्वी हवेत. रोख वा धनादेश (मंडळाच्या नावे) कार्यालयात, सायं. ६ ते ८, रविवार बंद. पावती जरूर घ्यावी. चालू स्थितीतली व्यायामाची जुनी सायकलही चालेल, कळवा, न्यायला येऊ.

आपली,
कार्यवाह