गाडी रिकामी होईपर्यंत

जालना
दि. १२ नोव्हेंबर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

पोळ्याला गावी भेटलो तेव्हा तू विचारले होतेस, की इतकी वर्षे त्याच त्या रस्त्यांवर गाडी चालवून तुला कंटाळा कसा येत नाही. पारावर बाकीची मंडळी होती, म्हणून मी हसून विषय टाळला. आज स्टीलच्या कारखान्याबाहेर माझा सतरावा नंबर लागला आहे आणि आत जायला रात्रीचे अकरा तरी वाजतील, तेव्हा केबिनमध्ये बसून सविस्तर उत्तर लिहितो. खरे सांगायचे तर रस्ता माझ्या फारसा लक्षातच राहत नाही. लक्षात राहतात त्या त्याच्या दोन टोकांच्या जागा. माल भरताना आणि उतरवताना चार-सहा तास कुठे ना कुठे थांबावेच लागते. बहुतेक ड्रायव्हर गाडीखाली सावलीला पडतात. मी सुपरवायझरची परवानगी काढतो, डोक्यावर हेल्मेट चढवतो आणि आत डोकावतो.

सध्या हौद्यात संभाजीनगरजवळच्या वाळूजहून आणलेली पत्र्याची कात्रण आहे. बजाजचा कारखाना १९८५ साली तेथे सुरू झाला आणि त्याच्या आसऱ्याने सुटे भाग करणारे कितीतरी लहानमोठे कारखाने उभे राहिले. त्यांच्या प्रेसमधून पत्रा कापून निघाला की उरलेली जाळी दाबून तिची चौकोनी बंडले बांधतात. भोकांची ही बंडले पाहताना मला नेहमी वाटते, की यातून निघालेली चकती एव्हाना कुणाच्या तरी मोटारसायकलखाली फिरत असेल आणि तिची उरलेली जाळी मात्र मी वितळवायला घेऊन चाललो आहे.

आत गेल्यावर विजेच्या चुंबकाची क्रेन हा सगळा माल उचलते, पण त्याआधी काही माणसे ढिगाऱ्यात हात घालून तो निवडत असतात. बायका सुपात तांदूळ निवडतात, तितक्याच बारकाईने. ती शोधत असतात बंद वस्तू: दोन्ही तोंडे चेपलेला पाइप, झाकण गंजून बसलेला डबा, जुना शॉक-अ‍ॅब्सॉर्बर. अशा वस्तूत घोटभर पाणी जरी अडकलेले असले, तरी वितळलेल्या लोखंडात पडताच त्याची क्षणात वाफ होते आणि भट्टीतला रस बाहेर उसळतो. पावसाळ्यात ओल्या भंगाराने असेच होताना मी एकदा दुसऱ्या एका कारखान्यात पाहिले आहे. एका कामगाराचे कोपरापासून खाली भाजले होते, आणि गेटवर मला सांगण्यात आले, की तुम्ही काही पाहिलेले नाही. त्या ठिकाणचे भाडे मी पुन्हा घेतले नाही.

भट्टीचे मला मोठे नवल वाटते, कारण तिच्याखाली जाळ नसतो. भोवती तांब्याच्या पोकळ नळ्यांचे वेटोळे असते, नळ्यांतून त्यांना गार ठेवणारे पाणी फिरत असते, आणि त्या वेटोळ्यातून वीज सोडली की आतले लोखंड आपल्या आपण तापू लागते. शुद्ध लोखंड १५३८ अंशांना वितळते. येथे रस त्याहूनही थोडा अधिक तापवतात. मग त्यातला पळीभर नमुना तपासणीला जातो, कमी असेल ते मिसळले जाते, आणि रस साच्यांतून उतरून लाल कांबी बाहेर येतात. त्यांना येथे बिलेट म्हणतात. बिलेट गरम असतानाच रोलिंग मिलमध्ये जाते आणि एकामागून एका रुळातून निघताना बारीक आणि लांब होत सळईचा नाग बनून धावत सुटते. शेवटी तिच्यावर पाण्याचा जोरदार मारा होतो. बाहेरची साल कडक होते आणि आत राहिलेली धग त्या सालीला पुन्हा थोडी नरमाई देते. तव्यावरच्या भाकरीला पापुद्रा सुटावा, पण आतली भाकरी मऊच राहावी, तसा हा प्रकार आहे. तू बांधलेल्या घराच्या स्लॅबमध्ये हीच सळई असणार. ती १२ मीटर लांब असते, म्हणून माझ्यासारख्याच्या गाडीत मधोमध वाकवून भरतात.

आता कापसाचे. दिवाळी झाली की सेलू, मानवत भागातल्या जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यांच्या, फेऱ्या सुरू होतात. तेथे गेटवरच काडीपेटी, बिडी, लायटर काढून घेतात, आणि ते योग्यच आहे. कापसात चुकून आलेला खडा यंत्रात घासला तरी ठिणगी पडते. आत पांढरा धुरळा इतका असतो, की क्लीनरच्या भुवया म्हाताऱ्यासारख्या दिसू लागतात. तुझ्या शेतातल्या क्विंटलभर कापसातून रुई निघते जेमतेम ३३ ते ३५ किलो, आणि बाकी बहुतेक सरकीच. रुईची १७० किलोची गाठ बांधून ती सूतगिरणीकडे जाते. सरकी तेलाच्या गिरणीत जाते आणि तिची पेंड पुन्हा तुझ्याच गोठ्यात येते. अनेकदा गाठी पोचवून परतताना मी पेंडीची पोती भरून आणली आहेत. म्हणजे तुझ्या शेतातला माल तुलाच परत विकला जातो आणि दोन्ही वेळचे भाडे मला मिळते. रागावू नकोस.

लातूरच्या डाळमिलविषयी वेगळे पत्रच लिहावे लागेल. तुरीचे टरफल सहजी सुटत नाही, म्हणून आधी दाणे खरबरीत रुळावर घासून त्यांना किंचित तेल लावतात, मुरू देतात, वाळवतात आणि मग भरडतात. क्विंटलमागे डाळ ७० ते ७५ किलो. उरलेली चुनी पुन्हा जनावरांनाच. हल्ली कॅमेऱ्याचे सॉर्टेक्स यंत्र वरून पडणाऱ्या डाळीतला काळा दाणा हवेच्या फुंकरीने बाजूला उडवते. तेथील जुने मिस्त्री मात्र मूठभर डाळ तळहातावर पसरून पाहिल्याशिवाय पोते शिवू देत नाहीत.

साखर कारखाना तुला ठाऊकच आहे, तेव्हा लांबण लावत नाही. उसाचे चिपाड तेथल्याच बॉयलरमध्ये जळते आणि मळी टँकरने डिस्टिलरीत जाते, एवढेच सांगतो. त्यापेक्षा संभाजीनगरच्या बिअर कारखान्यातला जवाचा ओला चोथा आमच्या आईला सांगण्यासारखा आहे, म्हणजे खरे तर न सांगण्यासारखा. तो वाफाळतच हौद्यात पडतो आणि दोन दिवसांत आंबतो, म्हणून रातोरात दुभत्या जनावरांच्या गोठ्यांवर पोचवावा लागतो. तसल्या एका फेरीनंतर मी सरळ घरी गेलो. गळ्यात माळ घातलेल्या माऊलीने गाडीचा वास घेतला आणि माझ्या कोणत्याही खुलाशावर विश्वास ठेवला नाही. दोन दिवस ती माझ्याशी बोलत नव्हती.

तुझ्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे. या कारखान्यांतल्या माणसांना आपापल्या फाटकाच्या आतले माझ्यापेक्षा शंभरपट अधिक कळते. पण प्रेसवरच्या पोराने भट्टी पाहिलेली नाही, आणि जिनिंगमधल्या बाईला तिची सरकी पुढे कुठे जाते हे मी सांगितले तेव्हा तिने काम थांबवून ऐकले. एका फाटकातून टाकून दिलेले दुसऱ्या फाटकात मोजून घेतात, आणि मधली वाट फक्त आमच्यासारख्यांना दिसते.

पंधरावा नंबर आत गेला. वजनकाट्यावर गाडी लावण्याची तयारी करायला हवी. येथून सळई घेऊन लातूरला उतरवीन आणि परवा डाळ भरून निघेन. वाटेत तुझ्या फाट्यावर सकाळी सातच्या सुमारास थांबतो. ज्वारीची भाकरी आणि ठेचा बांधून आण, आणि वहिनींना सांगून दोन दिवसांची सवड काढ. पुढची फेरी मानवतची आहे, केबिनमध्ये जागा रिकामी आहे. काडीपेटी मात्र घरी ठेवून ये.

काकांना व काकूंना साष्टांग नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
बालमित्र