जाहिरातीच्या खिडकीवरची कविता

मा. संपादक यांस,

कविता आता कोणी वाचत नाही, ही तक्रार साहित्य संमेलनांच्या मांडवात इतकी वर्षे ऐकतो आहे की तिलाही एक चाल लागली आहे. संग्रह खपत नाहीत हे खरेच आहे. पण कवितेचा हिशेब पुस्तकांच्या दुकानात करायचा, ही रीत मला मुळातच चुकीची वाटते.

गेल्या वर्षी माझ्या मावशीच्या वर्षश्राद्धाची जाहिरात देण्यासाठी मावसभावाबरोबर एका वृत्तपत्राच्या कार्यालयात गेलो होतो. त्याचे गॅरेज आहे आणि शाळा सुटल्यापासून त्याने कविता हाती धरलेली नाही. खिडकीतल्या कारकुनाने तयार कडव्यांची फाइल पुढे सरकवली आणि ‘नंबर सांगा’ म्हटले. वात्सल्यसिंधू, मायेचा सागर, देवाघरी गेलेली पणती असे सगळे तिच्यात होते. भावाने ती उलटीसुलटी चाळली, मिटली आणि पावतीच्या मागे स्वतःच लिहायला बसला. आधी दहा ओळी झाल्या. दर सेंटिमीटरवर असल्याने त्या कापणे भाग होते. प्रथम ‘प्रेमळ’ गेले, मग ‘कष्टाळू’, मग ‘तुझ्या आठवणीने व्याकूळ’ ही अख्खी ओळ गेली. शेवटी राहिले ते एवढेच : ‘आई, दार अजून लोटलेलेच असते. कडी घालायचा धीर होत नाही.’ कारकुनाने ते वाचले आणि फाइल निमूट मागे ओढली. कविता म्हणजे काय याची पुष्कळ व्याख्याने मी ऐकली आहेत, पण त्या खिडकीपाशी जे दिसले ते त्यांतून कधी कळले नव्हते.

शब्द हलवला की सगळे हलते, याची जाण सामान्य माणसाला चांगलीच असते. लग्नात वराचे काका हौसेने स्वतः रचलेली मंगलाष्टके म्हणू लागतात आणि शार्दूलविक्रीडिताच्या एकोणीस अक्षरांत आत्या, मामा व नवऱ्या मुलाची पदवी कोंबू पाहतात, तेव्हा वृत्ताचे नावही ठाऊक नसलेल्या पाहुण्यांच्या अक्षता हातातच अडखळतात. आमच्या गोव्यात चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, घरोघरी घुमट या मातीच्या वाद्याच्या तालावर आरत्या होतात. तेथे शाळेत कवितेच्या प्रश्नाला हमखास गुण गमावणारा पोरगा शामेळ हे चर्मवाद्य वाजवणाऱ्याशेजारी उभा राहून लांबलचक आरत्या पाठ म्हणतो आणि कोणी एक शब्द चुकवला तर डोळे वटारून पाहतो. वर्गात त्याला कवितेचा ‘सरळ अर्थ’ लिहायला लावतात. ती मोठ्याने म्हणून दाखव, असे त्याला कोणी सांगितल्याचे मी तरी ऐकले नाही.

हे कान आजचे नाहीत. इंग्लंडहून गोव्यात आलेले ख्रिस्ती धर्मप्रचारक फादर स्टीफन्स यांना ख्रिस्ताची कथा येथल्या लोकांपर्यंत न्यायची होती, तेव्हा त्यांनी ओवी निवडली. सुमारे अकरा हजार ओव्यांचे त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. ओवी तोवर जात्यावर आणि पुराणाच्या पोथीत अशी रुळलेली होती की परक्या कथेलाही तिच्यात बसायला जागा मिळाली. जाती आता अंगणात कुंड्या ठेवायला उरली आहेत, हे मला मान्य आहे. पण पौषात मांडावर, म्हणजे ठरलेल्या अंगणात, गाणी म्हणत धालो हा नाच खेळणाऱ्या बायका वही न उघडता रात्र काढतात, हेही खरे.

तयार कडव्यांची तशी फाइल आपल्या कार्यालयातही असल्यास तिच्यावर एक कोरा कागद आणि पेन ठेवावे, आणि येणाऱ्यापुढे आधी तो कागद सरकवावा, एवढी विनंती आहे.

आपला,
एक वाचक, फोंडा