‘झोपी गेली’ म्हणजे काय?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आमच्या मुलीच्या पहिल्या स्मृतिदिनाची जाहिरात आपल्या अंकात आली. ‘प्रभूमध्ये झोपी गेली’ हे शब्द काउंटरवरच्या मुलाला खटकले. “काका, निधन लिहू का?” मी नको म्हटलं, त्याने जसंच्या तसं छापलं. आभारी आहे. पण मग ओळखीच्या दोघा-तिघांनी विचारलं, झोपलीय म्हणता, म्हणजे पुन्हा उठणार, तर वर्षभर रडताय कशाला? तोंडी उत्तर सुचलं नाही, म्हणून हे पत्र.

ती १९ वर्षांची होती, नर्सिंगच्या (जीएनएम) दुसऱ्या वर्षाला. डेंग्यूने सहा दिवसांत गेली.

आमच्या चर्चच्या मंडळीतलेही हेच विचारतात, फक्त शब्द निराळे. ‘रडलात तर विश्वासाची साक्ष जाते.’ ‘देवाला चांगली फुलं लागतात.’ (कुठला माळी कळी खुडतो, देव जाणे.) बायबलमध्ये प्रेषित पौलाने थेस्सलनीकाकरांना काय लिहिलं ते त्यांनी पुन्हा वाचावं. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा खेद करू नका, असं तो लिहितो. खेदाला बंदी कुठे आहे त्यात? आणि मेलेल्या लाजराला आता उठवायचं आहे हे येशूला पक्कं ठाऊक होतं, तरी कबरेकडे निघताना तो रडलाच. आमचे पाळकसाहेब तिसऱ्या दिवशी आले, एक वचनही बोलले नाहीत. नळाला पाणी आलं होतं, घरात कुणाला भान नव्हतं. त्यांनी बाह्या सारून सगळे हंडे-पिंपं भरली आणि गेले.

तिच्या बायबलमध्ये खुणेला एसटीचं तिकीट होतं. मी वाहक होतो. माझ्याच गाडीत बसली तरी तिचं तिकीट मी काढायचोच, त्यावरून रुसायची. मशीनच्या तिकिटाची शाई उडते. आता नुसता पांढरा कागद उरलाय. लोक विचारतात, कुठला अध्याय होता? त्यांना तेविसावं स्तोत्र वगैरे ऐकायचं असतं. होता ‘१ इतिहास’ या पुस्तकाचा सहावा अध्याय. अमक्याचा मुलगा तमका, पानंच्या पानं नावं. उत्पत्तीपासून सगळं ओळीने वाचायचं ठरवलं होतं तिने. मी सातव्यापासून पुढे वाचायला घेतलं. त्या नावांच्या गर्दीतच एफ्राइमची मुलं गथच्या लोकांनी मारल्याचं येतं. त्यांच्या बापाने पुष्कळ दिवस शोक केला आणि त्याचे भाऊबंद त्याच्या सांत्वनाला आले, एवढंच. लगेच पुढे पुन्हा नावं. किती दिवस, ते लिहिलेलं नाही. त्याला कुणी टोकल्याचंही नाही. मी ते वाक्य त्या रात्री किती वेळा वाचलं, सांगता येणार नाही.

पंडिता रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ साली गेली. रमाबाई राहायच्या दौंडकडच्या केडगावला, आमच्या नगरच्या केडगावला नव्हे. पुढच्याच एप्रिलात रमाबाईही गेल्या. मधल्या त्या महिन्यांतही बायबलच्या मराठी भाषांतराचं काम त्यांनी सोडलं नव्हतं. पूर्वी हे नुसतं ऐकून सोडून दिलं होतं. आता वाटतं, एफ्राइमपाशी त्यांचा हात थांबला असेल का?

ईस्टरच्या पहाटे आम्ही मेणबत्त्या घेऊन दफनभूमीत जातो. अंधारात पाळकसाहेब म्हणतात, “प्रभू उठला आहे.” उत्तर द्यायचं असतं, “खरोखर उठला आहे.” इतकी वर्षं मी ते खड्या आवाजात दिलं, गाडीत ओरडून सवय. यंदा माझा आवाज फुटला नाही. बायकोने दिलं, रडत रडत, पण मागच्या रांगेपर्यंत जाईल एवढं मोठ्याने. विचारणाऱ्यांना माझं उत्तर तेच आहे.

तिकीट सध्या स्तोत्रांत आहे. पुढल्या वर्षी जाहिरात घेऊन येईन तेव्हाही ‘झोपी गेली’ असंच छापावं, ही विनंती.

– एक निवृत्त एसटी वाहक, सावेडी, अहिल्यानगर